माप घेणारी बाई

आमच्या डॉक्टरांनी मला फसवलं. चार महिन्यांपूर्वी काखेतल्या गाठीचं सांगितलं, तर टेबलापलीकडूनच म्हणाले, "दुखत नाही ना? मग सोडा."

अंबरनाथ पूर्वेला एक बाई ब्लाउज शिवते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ओठांत टाचणी धरून ती टेप फिरवते आणि बोटांनी कापड सपाट करत जाते. गेल्या आठवड्यात शिलाईच्या पैशांवरून आमची घासाघीस चालू असताना माझ्या काखेजवळ तिचा हात थांबला. तिने टाचणी काढली.

"ताई, ही गाठ दाखवलीत?"

"दुखत नाही. विषय बदलू नकोस, शिलाई कमी कर!"

"भांडा हवं तेवढं. पण न दुखणारी गाठ आधी तपासून घ्या."

तपासणी झाली. रिपोर्ट सोमवारी आहे, आणि माझा हात सारखा काखेकडे जातो. हातसुद्धा न लावता डॉक्टरांनी माझे चार महिने घालवले. त्याचा जाब त्यांनी मला समोर बसून द्यावा.