शालूच्या पाठीला लावलेली काठी

शालू गेल्याचा फोन आला तेव्हा मी काठीने उंच दोरीवर कपडे वाळत घालत होते. भाचा म्हणाला, "मामी, आई गेली." मी उरलेले कपडे वाळत घातले आणि मग खाली बसले. शालू माझी नणंद. तिला जाऊन आता महिना होत आला...

ऐंशीच्या सुमारास आम्ही घाटकोपरच्या चाळीत एकाच खोलीत राहायचो. शालू पवईच्या तलावावर शर्यतीची होडी वल्हवायला जायची. पोरगी होडी वल्हवते म्हणून चाळ हसायची. तिला फरक पडत नसे. एकदा सरावात ती दमली, तरी जोर लावत राहिली. वल्हं ओढायचा जोर खरं तर पायांतून यायचा; पाय थकले तशी पाठ गोल झाली आणि सगळा भार कमरेवर आला. बसमध्ये बसवेना म्हणून उभ्यानेच घरी आली. सासूबाई म्हणाल्या, "कंबर गेली तर लग्न कोण करील तुझ्याशी?" शालू पालथी पडल्या पडल्या म्हणाली, "का? नवऱ्याला पाठीवर घेऊन फिरायचंय का मला?"

कंबर बरी झाली, पण तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं, कमरेतून वाकायचं सोड आणि खुब्यातून पुढे यायला शीक, नाहीतर होडीत दुसरी मुलगी बसेल. मग रोज संध्याकाळी कुकर लावून मी तिच्या मागे उभी राहायचे. ती पाटावर बसायची. कपड्यांची हीच काठी मी तिच्या पाठीला उभी लावायचे, डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला टेकलेली. पुढे येताना काठी कुठेही सुटता कामा नये. पाठ गोल झाली की काठी सुटायची आणि मी ओरडायचे, "सुटली!"

"वहिनी, जरा चालवून घे ना गं!"

"नाही घेणार. होडीत मी नसणार तुझ्या मागे."

ती चिडायची, पण परत सरळ बसायची. दमल्यावर थांबायचं, हे तिला सगळ्यात जड गेलं. तेही शिकली. पुढच्या वर्षी सरांनी तिला होडीत घेतलं. मी काठावरून शर्यत बघितली. शेवटी शेवटी बाकीच्या पोरींच्या पाठी वाकल्या, शालूची नाही. त्यांचा पहिला नंबर आला असं घरात सांगतात. तिसरा आला. मला तेवढा पुष्कळ होता. त्यानंतर लग्न झालं, दोन मुलं झाली, पण कंबर धरून बसलेली शालू मी पुन्हा पाहिली नाही.

शेवटची भेट मुलुंडला, तिच्या घरी. आजाराने अगदी वाळली होती. चहा प्यायला उठून बसली, तर पाठ पार वाकलेली. माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, सुटली का गं?"

"सुटली," मी म्हणाले. तिच्याशी खोटं कधी बोलले नव्हते.

ती हसली. भिंतीचा टेका सोडला आणि चहा संपेपर्यंत सरळ बसली.

सून म्हणते, कपड्यांना आता स्टँड आहे, ती काठी टाकून द्या. मी तिला सांगितलंय, हात लावू नकोस.