शेवटच्या प्रवेशाशी अडलेले सर

“मॅडम, हा शब्द पण त्याचा!”

स्टाफरूममध्ये कुणाच्या तोंडी एखादा इंग्रजी शब्द आला, की सर बशीतला चहा तसाच धरून डाव्या हाताचं बोट वर करायचे. ‘तो’ म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज नाटककार. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, तसे सर त्याचं नाव घेत नसत. आम्ही त्यावरून त्यांना पुष्कळ छळलं.

ही नव्वदनंतरची गोष्ट. तुम्हालाही असा एखादा इंग्रजीचा मास्तर भेटला असेल. पण आमच्या कोल्हापूरच्या कॉलेजात कागल-जयसिंगपूरहून एसटीनं येणारी पोरं तोंड उघडायला लाजायची, त्यांना सर वेगळंच सांगायचे.

“अरे, त्याचा बाप चामड्याचे हातमोजे शिवायचा, माझा बाप चपला. तो कॉलेजात गेला न्हाय. बाजारात लोक बोलायचे ते उचललं, शब्द न्हवता तिथं नवा घडवला. आज इंग्रज माणूस भांडतो, रडतो, ते त्यानं दिलेल्या शब्दांत. मग तुमी कशाला लाजताय?”

पोरं हसायची, पण हळूहळू बोलू लागायची.

त्याचं एक नाटक सरांनी कोल्हापुरी बोलीत उतरवायला घेतलं. हट्टी बाप आणि त्यानं घराबाहेर काढलेली त्याची गुणी मुलगी. छापायचं वगैरे नव्हतं, कागलला राहणाऱ्या आईला ऐकवायचं होतं. दर रविवारी झालं असेल तेवढं वाचायचे. एकदा मीही सोबत गेले. आई भाकरी थापता थापता म्हणाल्या, “ह्यो बाप लई आडमुठा हाय बघ. पोरगी घरला आली का न्हाय?”

“लिवतोय अजून,” सर म्हणाले.

शेवटच्या प्रवेशाशी मात्र गाडी अडली ती अडलीच. वर्ष गेलं, दुसरंही गेलं. मी पडले मराठीची. जरा भाव खात दोन-चार भारदस्त शब्द सुचवले. सर ओशाळं हसले.

“शब्द हाईत, मॅडम. आईपुढं म्हणवंनात.”

त्या प्रवेशात बाप मेलेल्या मुलीला हातांवर घेऊन येतो. सरांची थोरली बहीण सोळाव्या वर्षी तापानं गेली होती आणि तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी काढलं नव्हतं. सरांकडून हे ऐकून मला फार वाईट वाटलं. त्यानंतर मी नाटकाचा विषय काढला नाही.

सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते आठवले की मला त्यांचा वर्ग आठवत नाही, सरकारी दवाखान्यातली एक दुपार आठवते. आई खाटेवर होत्या. आपण आता घरी जात नाही, हे त्यांनाही कळलं होतं. मी मोसंबी सोलत होते.

“त्या नाटकातली पोरगी मेली, व्हय न्हवं?” त्यांनी एकदम विचारलं.

सरांनी मान खाली घातली. “व्हय, आई.”

“मग बाप काय म्हणला?”

सरांना अख्खं नाटक तोंडपाठ होतं. पण त्यातली ओळ त्यांनी म्हटली नाही. म्हणाले, “काय म्हणणार? नुसती हाक मारत बसला.”

“मग मार की तू बी,” आई म्हणाल्या. “किती वर्सं झाली, कुणी हाक मारली न्हाय तिला.”

सर खाटेच्या कडेला बसले.

“आक्का,” ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, “आक्का!”

आईंनी डोळे मिटले आणि लेकीच्या वतीनं ओ दिली.