वाळू ऐकणारा कृष्णात

आमच्या नदीकाठच्या बोअरची जाळी मीच फोडली. हात लावून नाही, अक्कल लावून. काठच्या वाळूत पाइप उतरवला होता, बुडाला बारीक फटींची जाळी. फटींतून पाणी आत यावं, वाळू बाहेर राहावी. तरी थोडी वाळू यायचीच. म्हणून मी खालची निम्मी जाळी गोणपाटानं करकचून आवळली. निम्मं दार बंद, तर वाळूही निम्मीच येणार, असा माझा हिशेब. आठव्या दिवशी मोटार पाण्याऐवजी वाळूचा रबडा ओकायला लागली. शहात्तरचा मार्च, वर दोन एकर उसाची कोवळी लागण. चार दिवसांत पाणी मिळालं नाही तर ती गेलीच.

चुलती राहीबाई म्हणाली, "कृष्णाताला बोलीव. त्येला वाळूतलं कळतंय."

कृष्णात गुजरातेत एका तेलविहिरीवर सात वर्षं होता. दोन वर्षांपूर्वी परत आला तो ओट्यावर बसला. रामराम घातला तर "हाय", जेवलास का विचारलं तरी "हाय". त्याची बायको अंजना म्हणायची, "एवढ्या एका शबुदावर माझा संसार चाललाय बगा."

तो आला. पहारीचं एक टोक पाइपला टेकवलं, दुसरं कानाला.

"चालू कर." थोडं ऐकलं. "बंद."

पाइप उपसला. जाळीच्या वरच्या अंगाला मूठ जाईल एवढं भोक, कडा कानशीनं घासल्यासारख्या लखलखीत.

"निम्म्या फटी तू बांदल्यास," तो म्हणाला. "समदं पानी उरल्याल्या फटींतनं पळालं. पळती वाळू लोखंड कापती."

मग नवी जाळी उतरवली. बायकांनी नदीतली बारीक खडी चाळून दिली, ती त्यानं जाळीभोवती मूठमूठ भरली. भरता भरताच बोलत होता. कोरेगावच्या बाजारात भाजी काय भावानं मिळाली ते सांगावं, तसं.

"तितं तेलविहिरीवर बी असंच झालं. खाली जाळी तुंबली, एका जागी फाटली. वर पाइपच्या वाकणाला कान लावायचं काम माझं. फोडणीत मोहरी तडतडावी तशी वाळू वाजत हुती. सायबाला सांगितलं. सायेब म्हनला, पाळी संपू दे, मग बंद करू. तू जेवून ये. माझ्या जागी जतचा दादासो बसला. कान लावायला मीच शिकिवला हुता त्येला. वाळूनं वाकण कापलं. वायू फुटला."

"मग?"

"मग काय. आमटी-भात हुता. जेवून आलो तवा दादासो न्हवता."

तिसऱ्या दिवशी पाणी नितळ आलं. लागण वाचली. राहीबाईनं चहा दिला. तो पिताना कडू का गोड, काही त्याच्या तोंडावर उमटलं नाही. मला राहवेना.

"दादा, तुमी सांगितलं हुतं की. सायबानं ऐकलं न्हाई. ह्यात तुमची काय चूक?"

त्यानं कप खाली ठेवला.

"विहीर बंद करायचं चाक माझ्या हातापाशी हुतं."