आवाज न करणारा कॅमेरा आणि माझं डोहाळजेवण

मंडळी, आज इथे बंगालमध्ये, सॉल्ट लेकमधल्या मराठी मैत्रिणींनी माझं डोहाळजेवण केलं. हिरवी साडी, रजनीगंधाचे दागिने आणि फुलांनी मढवलेला झोपाळा. झोपाळा कसला, पिंजराच! ओटी भरलेली, त्यामुळे उठायचीही सोय नाही.

त्यात बंगाली फोटोग्राफर म्हणाला, "दीदी, आप आराम से बैठिए, हमारा कैमरा में आवाज ही नहीं होता."

डोंबलाचा आराम! 'खटॅक' झालं की माणूस चेहरा सैल सोडतो. इथं फोटो कधी निघतोय तेच कळेना. सगळा वेळ नुसती हसत बसले. गाल दुखायला लागले.

मग बायकांनी डोहाळ्याचं गाणं धरलं आणि मला आई आठवली. तिचं नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून मीच तिला बजावलं होतं, "येऊ नकोस, मी मजेत आहे." डोळे भरून आले. फोटोग्राफर तेव्हा नुसताच उभा आहे असं मला वाटलं.

संध्याकाळी फोटो आले. पहिलाच तो, रडका! नवऱ्यानं न बघताच सगळे पुण्याला आईला पाठवून दिले.

लगेच तिचा फोन. "मजेत आहेस ना? मग हे काय?"

आवाज आला असता तर मी वेळेवर डोळे पुसले असते. असल्या मुक्या कॅमेऱ्यांवर बंदी घाला, असं तावातावानं इथं लिहायला बसले, तेवढ्यात आईचा मेसेज आला : "तिकीट काढलंय. वॉकर घेऊन येतेय."

आता तुम्हीच सांगा, कॅमेऱ्याला आवाज असावा की नसावा? मला तर भांडायलाही तोंड राहिलं नाही.