महिपतरावांनी माफ केलं

महिपतराव निवृत्त झाले तेव्हा जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीला वाटलं, आता हा माणूस कुंड्यांना पाणी घालील आणि दुपारी झोपेल. पण त्यांनी चांगलं व्हायचं ठरवलं. कुठल्याशा मंगल कार्यालयात तीन दिवसांचं शिबिर केलं आणि दर महिन्याला एक सद्गुण अंगी बाणवणार, असं सगळ्यांना सांगत सुटले.

जानेवारीत सत्य होतं. त्यात सुनेला, पूनमला, तिच्या हातची आमटी आपल्याला कधीच आवडली नाही हे सांगून झालं. फेब्रुवारीत क्षमा आली.

क्षमेला माणसं लागतात. यांचं वाईट करण्याइतकी सवड आजवर कुणालाच झाली नव्हती, त्यामुळे माणसं आठवून आठवून काढावी लागली. रजा नाकारणाऱ्या जुन्या साहेबांना फोनवर माफ केलं. साहेबांना हे कोण तेच आठवेना. मग जेऊरच्या गोजाबाईंची पाळी आली. गाडी माझी, म्हणून मीही गेलो.

गोजाबाई म्हणजे महिपतरावांच्या थोरल्या भावाची विधवा. सासू नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं गू-मूत या बाईनं काढलं. महिपतराव दिवाळीला पेढे घेऊन जात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत येत.

आम्ही पोचलो तेव्हा ती शेळ्यांना पाला टाकत होती. महिपतराव खुर्चीत बसले, घसा साफ केला.

"वहिनी, मी तुम्हाला माफ करायला आलोय."

"कशापायी?"

"आई गेली तेव्हा तुम्ही मला वेळेवर कळवलं नाही. चौदा वर्षं मनात ठेवलं होतं. आज काढून टाकलं."

गोजाबाईनं हातातला पाला खाली ठेवला. "भावजी, तीनदा फोन केला की. तुमी म्हनला, सायेब आल्यात, उद्या बघू."

मला वाटलं, आता तरी महिपतरावांची मान खाली जाईल. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"असू दे. तेही माफ केलं."

भाजी निवडताना निघालेल्या अळीकडे बघावं तशी ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जेवून जावा. म्हातारीला शेवटी मानूस वळकू येत नव्हतं, पर तुमचं ताट वाढ म्हनायची. म्हनून वाढते."

यांनी तीन भाकरी खाल्ल्या. वर दही मागितलं.

परतताना टेंभुर्णीच्या पुढं आल्यावर म्हणाले, "ठेच्यात मीठ जास्त होतं. पण मी बोललो नाही. संयम मार्चमध्ये घ्यायचाय, पण आतूनच सुरुवात झाली बघा."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्यांनी सांगितलं, वहिनी पाय धरून रडल्या. लोक म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. मी तिथंच उभा होतो आणि तोंड उघडलं नाही. त्यांच्याकडचा चहा तेवढा सोडला. माझ्याच्यानं तेवढंच झालं.