आंब्यावरची मिरवेल

वादळात परसातला आंबा उन्मळला आणि त्याच्यावर चढलेली मिरवेलही चिखलात आडवी झाली. "आता हीसुद्धा काढून टाकू," मी म्हणालो.

माझी थोरली बहीण वेलीचा बुंधा चाचपत म्हणाली, "मुळं शाबूत आहेत रे. ही आंब्याचं काही खात नव्हती, नुसती धरून उभी होती."

ताईने शेजारी पांगाऱ्याची जाड फांदी रोवली आणि वेल तिला बांधली. पावसाळाभर वेल निसटायची, ताई पुन्हा बांधायची. आधार लागतो म्हणून कुणी दुबळं ठरत नाही, असं ते बघताना मनात येई.

पावसाळा सरता सरता पांगाऱ्याला पालवी फुटली. ताईने बांधलेली सुतळी कापली. वेल ढळली नाही. पेरापेरातून फुटलेल्या बारीक मुळांनी तिने नवी साल घट्ट धरली होती.