चाचांच्या दमाएवढा सूर

बास गिटार वाजवणाऱ्या बाईला आमच्याकडच्या लग्नांत दोनच प्रश्न विचारतात. पहिला, याले चारच तारा काऊन? दुसरा, हे वाजून राहिलं का तू नुसतीच उभी आहे? पहिल्याचं उत्तर मी देते. दुसऱ्याचं देत नाही, कारण विचारणाऱ्याचं अगदीच काही चुकलेलं नसतं. बासचा सूर इतका खालचा असतो की तो चालू आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. बंद पडला की गाणं पोकळ लागतं, आणि लोक साउंडवाल्याला शिव्या घालतात.

म्हणून मी जलद वाजवायला लागले. ऐकू येत नसेल तर निदान दिसू तरी दे.

ते मला जड गेलं नाही. आमच्या घरी फुलांचा धंदा. अमरावतीत आमच्या ओसरीवर दसऱ्याच्या आधी कोणी कोणाशी बोलत नाही, झेंडूच्या ढिगात नुसते हात चालतात. ‘हात चालव’ हे आईचं वाक्य मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. हार गुंफून तयार झालेली बोटं मी तारांवर ठेवली आणि ती पळत सुटली.

ज्या ऑर्केस्ट्रात मी वाजवते त्याचे मालक स्वतः कीबोर्डवर असतात. आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. एका हळदीत माईक बिघडला, दुसरा येईपर्यंत वेळ काढायला म्हणून मी एकटीनं वाजवलं. गिटारच्या वरच्या अंगाला, जिथे सूर चढे असतात तिथे, अंगठ्यानं तारा ठोकत, येईल तितकं जलद. कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं आणि टाकलं. झालं. बुकिंग करणारे भाऊंना विचारायला लागले, ते गिटारवाली ताई येणार ना? मी शेफारले. खोटं कशाला बोलू, मजा आली.

माझा सगळा सराव कूलरसमोर झालेला. वरच्या खोलीला टिनाचं छत, मार्चपासून कूलर लावल्याशिवाय तिथे माणूस टिकत नाही. त्या घूं आवाजाला मी तंबोरा समजत असे. एकदा तर घाईत गिटार त्याच्याच सुरात लावून कार्यक्रमाला निघाले. त्या दुपारी व्होल्टेज कमी होतं, कूलर सुस्त फिरत होता, त्यामुळे त्याचा सूर उतरलेला आणि माझ्या चारही तारा त्याच्यासोबत उतरलेल्या. पहिल्याच गाण्यात भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण कूलरनं माझं खरं नुकसान वेगळंच केलं होतं, आणि ते मला बाळापूरला जाईपर्यंत कळलं नव्हतं.

बाळापूरचे चाचा आमचे मुख्य गायक. तिथे त्यांचं कापडाचं दुकान, ते आता मुलगा बघतो. माणूस मोठा नखरेल. पांढरा कोट, काळे केलेले केस, स्वतःचा माईक, तोही रुमालात गुंडाळून आणायचा. कोणाला चांगलं म्हणायची पद्धत नाही. माझा तो व्हिडिओ भाऊंनी त्यांना कौतुकानं दाखवला तेव्हा पूर्ण पाहिला आणि म्हणाले, ठीक आहे, पण जायचं कुठे होतं हिला? मला मिरच्या झोंबल्या. पुढचे कित्येक दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

त्या हिवाळ्यात चाचांना न्यूमोनिया झाला. अकोल्याला दवाखान्यात बरेच दिवस काढून ते घरी आले ते अर्धा दम तिथेच ठेवून. आवाज तोच होता, पण ओळ पुरी व्हायच्या आत श्वास संपायचा. पहिल्या कार्यक्रमात ओळ मध्येच तुटली तेव्हा लोकांना वाटलं माईक गेला. दुसऱ्यात कोणीतरी हसलं. चाचांनी ते ऐकलं, मी पण ऐकलं.

भाऊ वाईट माणूस नाही, पण त्यांना दुसऱ्या दिवशी लोकांचे फोन येतात. त्यांनी चाचांना स्पष्ट सांगितलं. अकोल्याला रिसेप्शन आहे, तिथे तुमचं ते संथ गाणं होऊ द्या, लोक त्याचीच फर्माईश करतात. नीट झालं तर प्रश्न नाही. तुटलं तर मग आराम करा. चाचा म्हणाले, तुटलं तर तुम्हाला सांगायची वेळ येणार नाही, मीच माईक तुमच्या हातात देईन. माझं जेवढं वय आहे त्याहून जास्त वर्षं हा माणूस गात आला होता. तो घरी बसला तर दिवसभर काय करील याचा मी विचार करायला लागले आणि मग तो सोडून दिला.

भाऊंनी मला बाजूला घेऊन तोड सांगितली. चाचा दम घ्यायला थांबले की मी जलद काहीतरी वाजवून ती जागा भरायची, म्हणजे लोकांचं लक्ष माझ्याकडे जाईल आणि म्हाताऱ्याची लाज राहील. “तुले तं येतेच,” म्हणाले. मला ते पटलं. पटणारच. जे येतं तेच मागितलं तर कोणाला नको असतं?

म्हणून एप्रिलमध्ये मी गिटार घेऊन बाळापूरला गेले. चाचांच्या बैठकीत कूलर सुरू होता. त्यांनी गाणं धरलं, पहिल्या ओळीच्या शेवटी थांबले, मी ती जागा भरली. ते परत आले ते चुकीच्या जागी आले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर त्यांना धाप लागली. चाचींनी आतून पाणी पाठवलं. चाचा पाणी प्यायले, उठले आणि त्यांनी कूलर बंद केला.

बाळापूरची एप्रिलची दुपार. घाम कानामागून गळ्यात उतरायला लागला. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की मला त्यांच्या छातीतली बारीक शिट्टी ऐकू आली. आता वाजव, म्हणाले. मी वाजवलं, आणि त्या शांततेत मला माझंच वाजवणं पहिल्यांदा नीट ऐकू आलं. भांडी घासल्यासारखं वाजत होतं. इतकी वर्षं कूलर माझ्या प्रत्येक रिकाम्या जागेत घूं करत बसला होता, त्यामुळे रिकामी जागा कशी असते हेच मला माहीत नव्हतं. समोर आली की मी घाबरून ती बुजवत होते.

“तुझ्या मांगं कुत्रं लागलं काय?” चाचांनी विचारलं.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, तुमच्यासाठीच वाजवते आहे, तुम्ही थांबल्यावर कोणीतरी काहीतरी करायला नको का?

“मी थांबत नाही, बेटा. दम घेऊन राहिलो,” ते म्हणाले. “तू पळाली का मले वाटते आपली गाडी सुटली. मंग मी पळतो, अन् मंग दम जाते. तू एकच सूर लांबव. मी येतो.”

घोडं तिथेच पेंड खात होतं. एकच सूर लांबवणं ऐकायला सोपं आहे. बासची तार छेडली की सूर लगेच विरायला लागतो. तो किती विरू द्यायचा आणि दुसरा कधी लावायचा, एवढंच काम, आणि तेवढ्यात माझे हात शिवशिवायचे. शिवाय चाचांचा श्वास रोज वेगळा, मोजून काही ठरवता येत नव्हतं. जाता येता मूर्तिजापूरला चहा घ्यायचा आणि बाळापूरला शिव्या खायच्या, असं बरेच दिवस चाललं.

मग मला एक गोष्ट दिसली. स्टेजवर माझी जागा गायकाच्या मागे असते, बासचा स्पीकर तिथेच असतो म्हणून. समोरून चाचा चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत, पण पाठीमागून माणसाला लपवता येत नाही. श्वास भरला की कोटाची मधली शिवण वर उचलली जाते. शिवण उचलली की ते येणार. तोवर मी थांबायचं. मी त्यांना सरावालाही कोट घालायला लावला. उन्हाळ्यात! पण घातला बिचाऱ्यांनी.

घरी मी कूलर बंद करून सराव करायला लागले. आईनं जिन्यातून विचारलं, लाइट गेली काय?

अकोल्याचं रिसेप्शन एका लॉनवर होतं, दिवस मावळता मावळता. नवरदेवाच्या भावंडांनी आल्या आल्या मला सांगून ठेवलं होतं, ताई, ते फास्टवालं होऊन जाऊ द्या. चाचांचं गाणं सुरू झालं तेव्हाही त्यांचे मोबाइल माझ्याकडेच वळलेले होते. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्याच्या मध्यावर चाचा थांबले. सरावात थांबायचे त्यापेक्षा जास्त थांबले. कोटाची शिवण हलेना.

भाऊंनी कीबोर्डवरून माझ्याकडे पाहिलं आणि मान झटकून खूण केली, भर. बोटांत सगळं तयार होतं. मोबाइल समोर होते. मी वाजवलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या, आणि चाचांचं गाणं तिथे संपलं असतं. मी एक खालचा सूर लावला आणि तसाच राहू दिला. तो विरत गेला, अगदी जायला आला, तेव्हा तोच पुन्हा लावला, हलका. ढोलकवाल्यानं माझ्याकडे बघून हात आवरला. मला भीती वाटत होती. शिवण हलेना. मी तिसऱ्यांदा तोच सूर लावला. मग कोट उचलला गेला आणि चाचा आले. बरोबर जागेवर, काहीच न झाल्यासारखे. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं वा म्हटलं. त्याला वाटलं असणार, गायकानं मुद्दाम थांबून दाखवलं.

गाणं संपल्यावर चाचांनी माईक रुमालात गुंडाळला. मागे वळून पाहिलं नाही. भाऊंना मात्र विचारलं, पुढचं लग्न कोणत्या गावाला आहे?

दुसऱ्या दिवशी त्या गाण्याचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर आला. मी आईला दाखवला, फुलं निवडता निवडता ती बघत होती. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर निघतच नाहीत, हे मला माहीत होतं, तरी बघून वाईट वाटलं. हळदीच्या त्या व्हिडिओत वरच्या सुरांतलं जलद वाजवणं लख्ख ऐकू आलं होतं. यात मी नव्हतेच. चाचांच्या मागे एक बाई गिटार घेऊन उभी, हात जवळजवळ हलत नाहीत, बसची वाट बघितल्यासारखी. कोणीतरी खाली लिहिलंही होतं, ताईंनी आज सुट्टी घेतली का?

“याच्यात तू वाजवूनच नाही राहिली,” आई म्हणाली.

आईनं हातातली फुलं टोपलीत टाकली, बोट पुसून व्हिडिओ मागे नेला आणि ती मधली जागा पुन्हा लावली. चाचा थांबले. मोबाइलमधून काहीच येत नव्हतं, फक्त लॉनवरचा थोडा गलबला. चाचा उभे होते, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखे. मग ते परत आले. आईनं ती जागा अजून एकदा लावली.

“मंग हा म्हातारा इतका वेळ कोनाच्या भरोशावर उभा हाय?” तिनं विचारलं.

माझं वाजवणं इतकं नीट त्याआधी कोणी ऐकलं नव्हतं.